मागचं वजन

सीट शिवायला म्हणून आली आणि सीटवरच बसली, असं चिंगीचं झालं. वय चाळिशीच्या पुढे सरकलं तरी घरात ती चिंगीच. थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं नाव. माणसाला एक वेळ घर सुटतं, नोकरी सुटते, पण भावाने ठेवलेलं नाव काही सुटत नाही. हाताला मात्र तिच्या कसब होतं. मोटारींच्या गाद्या, रिक्षांची कव्हरं, दवाखान्यातल्या बाकांचं फाटलेलं रेक्झिन, काहीही आणा, टाका कुठे घातला ते दिसायचं नाही. बाजाराच्या रस्त्यावर तिचा स्वतःचा गाळा होता, लहानसाच, पण कुलपाची किल्ली तिच्या कनवटीला असायची. एक दिवस दादा आला नि म्हणाला की चार दिवस ये, माझ्या गाडीच्या दोन सीटा शिवून दे. त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली. गाळा मधल्या मध्ये कधी सोडला, तेही तिला आता नीट सांगता आलं नसतं.

दादाची गाडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दादा पूर्वी बसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायचा. रोज जाता-येता रस्त्यात अडकलेल्या मोटारी बघायचा आणि चिडायचा. प्रत्येक मोटारीत एकच माणूस! एका माणसाला हलवायला पाच माणसांची खोली कशाला ढकलायची, हे त्याचं पालुपद. जेवतानाही तेच, पाहुण्यांसमोरही तेच. शेवटी नोकरी सोडून त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचीच गाडी बांधायला घेतली. अरुंद, घराच्या दारातून आत घेता येईल इतकी. चाकं तीन, सीटा दोन, त्याही एकामागे एक. वर छप्पर, समोर काच, बाजूला कमरेइतकी दारं. गल्लीबोळात बॅटरीवर चालायची, अगदी आवाज न करता, आणि चढ आला की छोटं पेट्रोल इंजिन आपणहून जागं व्हायचं. धूर नावालाच, पेट्रोल चिमूटभर. एका मोटारीच्या जागेत दोन मावतील. सगळं खरं, पण अरुंद गाडी वेगात वळली की पडते. म्हणून ही गाडी सायकलवाल्यासारखी आतल्या अंगाला झुकायची. सीटखाली एक मोटर बसवलेली, ती वळण ओळखून सगळा सांगाडा तिरका करायची. अगदी हळू चाललात तर मात्र आतलं कुलूप पडायचं आणि गाडी सरळच्या सरळ, मख्खासारखी वळायची. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं तिरपी.

आता हे झुकणं, हीच तर मेख होती. सुरुवातीला मागच्या सीटवर माणसाऐवजी वाळूचं पोतं बांधायचे. पोतं घेऊन तिरपी वळणावर अशी काही हिसका मारायची की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. एका सकाळी दादाने मोटरच्या जोडण्या नव्याने केल्या, नवा हिशोब भरला, आणि नेमकं तेव्हाच पोतं फाटलं. चिंगीने नुकत्याच शिवलेल्या सीटवर सगळी वाळू. दादा वैतागला. शेडच्या कोपऱ्यात चिंगी सुईत दोरा ओवत बसली होती, तिला म्हणाला, "तूच बस गं मागे. पोत्यासारखी बस, हलायचं नाही, बोलायचं नाही."

ती बसली. आणि काय सांगावं, तिरपी उताराखालच्या पाण्याच्या टाकीपाशी असलेलं अवघड वळण लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. दादा खाली उतरून नाचला. अक्षरशः नाचला, वहिनी दारात येऊन बघत राहिली. नवा हिशोब जमला, असं त्याने जाहीर केलं. एकाच सकाळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, एक हिशोब आणि एक पोतं, पण शाबासकी हिशोबाला मिळाली. पोत्याला कोण शाबासकी देतं?

तेव्हापासून चिंगी मागचं वजन झाली. 'वजन आलं का?' असंच दादा विचारायचा, थट्टेने, पण थट्टा रोज झाली की ती थट्टा राहत नाही. वजनात फरक पडला की गाडीचा हिशोब बिघडतो, म्हणून चिंगीने जाड व्हायचं नाही आणि बारीकही व्हायचं नाही. स्वयंपाकघरात त्याचा बंदोबस्त वहिनीकडे. चिंगीने दुसऱ्यांदा भात घ्यायला हात पुढे केला की वहिनी झाकण ठेवायची नि म्हणायची, "वन्सं, पुरे आता, गाडी वाकेल." सगळे हसायचे. चिंगीही हसायची. तापातून उठली तेव्हा हीच वहिनी जबरदस्तीने खाऊ घालायची, कारण आता गाडी वाकत नव्हती. वाईट नव्हती हो वहिनी. नवऱ्याचं वेड अंगावर घेऊन संसार ओढणारी बाई, तिला दोष कुठे द्यायचा? पण स्वतःच्या पोटावर दुसऱ्याचा ताबा असला की कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

शेडमध्ये तिसरा माणूस एक मिस्त्री. मनाने सरळ, अंगाने आडदांड, हातात सदा पाना. दादाच्या गैरहजेरीत कधी तो तिरपी चालवायचा, चिंगी मागे असायचीच, पण त्याच्या हातात ती वळणावर डचमळायची. दादा म्हणायचा, नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या हातात वळते ती तुझ्या हातात का वळत नाही? मिस्त्री मान खाली घालायचा आणि तेल-पाणी बघायला लागायचा. सहा वर्षं त्याने हे ऐकून घेतलं.

आणि चिंगीची एक मैत्रीण होती. दोघी एकाच बाईकडे शिवण शिकल्या होत्या. मैत्रीण लग्न होऊन बंदराच्या गावी गेली, नवऱ्यामागे तिने दुकान टाकलं. होड्यांच्या गाद्या, नाटकगृहाच्या खुर्च्या, काम इतकं की दोन हात पुरेनात. दुकानाच्या वर एक खोली रिकामी होती, खिडकीतून पाणी दिसायचं. गेल्या वर्षी तिने चिंगीला विचारलं, भागीत ये. चिंगीने दादाला सांगितलं. दादा म्हणाला, जा की, तुला कोण धरून ठेवतंय, फक्त चाचण्या तेवढ्या संपू दे. चाचण्या कसल्या संपतात? यंदा मैत्रिणीचा फोन आला तो साफ होता. महिनाअखेरपर्यंत हो म्हण, नाहीतर मी दुसरी बघते, मला थांबायला जमणार नाही. चिंगीने हो म्हटलं. पहिल्यांदा कुणालाही न विचारता म्हटलं, आणि मग दोन दिवस शेडमध्ये कात्री शोधत फिरली, कात्री हातातच होती.

नेमक्या त्याच महिन्यात वाहतूक खात्याच्या मोठ्या बाई गाडी बघायला यायच्या होत्या. त्यांना पटली तर शहरात शंभर तिरप्या धावणार, नर्सबाई, टपालवाले, औषधं पोचवणारे त्यात बसून फिरणार. दादा हवेतच होता. चिंगीने सांगितलं की बाई येऊन गेल्या की मी निघणार. तो म्हणाला, हो हो, आणि पान्याने काहीतरी आवळत राहिला.

मग ती दुपार आली. जेवण होऊन चाचणीला निघाले होते. उन्हाने सीट तापलेली, बॅटरीवर गाडी झोपाळ्यासारखी शांत, आणि चिंगीचा डोळा लागला. टाकीच्या वळणावर असा हिसका बसला की तिचं डोकं दाराच्या दांडीवर आपटलं. गाडी कशीबशी कठड्याला घासून उभी राहिली. दादाने मागे वळून बघितलं. चेहरा पांढराफटक. आणि त्याने विचारलं, "झोपली होतीस का?"

लागलं का, असं नाही विचारलं त्याने. चिंगीच्या कपाळावर टेंगूळ आलं, वहिनीने त्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवली, आणि पट्टीखाली चिंगीच्या डोक्यात तेच वाक्य फिरत राहिलं. ती झोपली होती की जागी, याचा गाडीच्या हिसक्याशी काय संबंध? पोतं काय जागं असतं?

दुसऱ्या दिवशी ती डोळे टक्क उघडे ठेवून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे लक्ष दिलं. टाकी जवळ आली. पुढून दादाच्या तोंडातून आवाज आला, जिभेने टाळूवर वाजवल्यासारखा, टक्. आणि चिंगीने बघितलं तर तिचा डावा खांदा दाराला टेकलेला. ती झुकली कधी, तिला कळलंच नव्हतं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. शाळेत जाताना उतार होता, दादाची सायकल बिनब्रेकची, चिंगी मागे कॅरियरवर. दादाने तेव्हा नियमच करून ठेवला होता. मी टक् केलं की माझ्याबरोबर झुकायचं, आधी नाही, नंतर नाही. एकदाच ती विसरली. दोघं खडीवर आपटले, तिचं कोपर सोलवटलं आणि दादाचा पुढचा दात अर्धा तुटला. त्यानंतर ती कधी विसरली नाही. शाळा संपली, सायकल भंगारात गेली, पण तिच्या कंबरेने तो नियम जपून ठेवला होता, आणि दादाच्या जिभेनेही.

खात्री करून घ्यायला तिने मिस्त्रीला गाठलं. दादा बाजारात गेलेला. टाकीपर्यंत चक्कर मारू म्हणाली. पहिल्या फेरीत गाडी नेहमीसारखी डचमळली. मग तिने त्याला सांगितलं की आता वळायच्या आधी जिभेने टक् असा आवाज कर. तिला वेड लागलं की काय अशा नजरेने त्याने बघितलं, पण केला. तिरपी अलगद वळली. मिस्त्रीने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, म्हणजे ताई, सहा वर्षं मी ज्या शिव्या खाल्ल्या त्या ह्यासाठी? मग त्यानेच तिला समजावलं. मोटर क्षणभर उशिरा जागी होते, वळण सुरू झाल्यावर. तो मधला क्षण ताई भरून काढते. शहरातली नर्सबाई कशाला भरून काढेल?

आता चिंगीची गत बघा. सांगावं तर भावाची सहा वर्षं पाण्यात. न सांगावं तर उद्या कुणाचंतरी डोकं कठड्यावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आधी ती वहिनीशी बोलली, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली की वन्सं, एका फेरीचा प्रश्न आहे, झुका आणि मग खुशाल जा, पुढे ते बघतील की. एवढं बोलून ती पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. चिंगी बाहेर आली.

शेवटी ती दादाकडेच गेली. शेडमध्ये तो एकटा काच पुसत होता. तिने सगळं सांगितलं, टक्, खांदा, मिस्त्रीची फेरी. तिला वाटलं होतं तो हसेल, नाहीतर चिडेल, म्हणेल की माझा सहा वर्षांचा अभ्यास म्हणजे तुझी कंबर काय? तो काच पुसत राहिला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

कधीपासून, तिने विचारलं. गेल्या वर्षीपासून. ती तापाने पडली होती तेव्हा त्याने एकट्याने पुन्हा पोतं बांधून बघितलं होतं, आणि टाकीच्या वळणावर उलटता उलटता वाचला होता. मोटर बदलायला हवी होती, तिच्यासाठी खालचा सगळा सांगाडा बदलायला हवा होता. करू, करू म्हणता वर्ष गेलं, आणि बाईंच्या भेटीची तारीख आली.

गेल्या वर्षी. चिंगीने मनात मागे मोजलं. मैत्रिणीचा पहिला फोन त्या तापानंतरचाच. 'चाचण्या तेवढ्या संपू दे.' म्हणजे ह्या माणसाला तेव्हाच ठाऊक होतं की चाचण्या संपणार नाहीत, आणि का संपणार नाहीत तेही. बाहेरच्याने फसवलं असतं तर भांडता आलं असतं, चारचौघांत वाभाडे काढता आले असते. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बाई येतील त्या दिवशी मी पोत्यासारखी बसणार," ती म्हणाली. "तू सहा वर्षं सांगतोस तशी. हलणार नाही. पुढचं तू आणि तुझी मोटर."

दादाने फडकं खाली ठेवलं. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, हेच वाईट होतं. तो अगदी मायेने म्हणाला, "चिंगे, तुला झुकल्याशिवाय राहवेल का?"

ती निघून आली. त्या दिवसापासून खोलीत खुर्चीवर बसून ती सराव करू लागली. हो, सराव! स्वतःच तोंडाने टक् करायची आणि ताठ बसायची. जमत होतं. छान जमत होतं. मिस्त्रीलाही टक् करायला लावलं, तरी जमलं. आपण आता मोकळ्या झालो असं तिला वाटलं, आणि तिने बॅग भरून पलंगाखाली ठेवली.

मोठ्या बाई सकाळी आल्या. अंगाने भरलेल्या, पायात साध्या चपला, बोलणं मोजकं. बरोबर दोन माणसं, मोजमाप घेणारी. दादाने गाडीचं सगळं सांगितलं, बॅटरी कुठे, इंजिन कधी सुरू होतं, एका मोटारीच्या जागेत दोन कशा राहतात. चांगलं सांगत होता, सहा वर्षं मनात घोळलेलं होतं ते. बाई मान हलवत होत्या. मग तो पुढे बसला आणि चिंगी मागे. वहिनी दारात उभी, पदराचं टोक मुठीत.

गाडी निघाली. मागच्या सीटवरून दिसतं काय, तर पुढच्याची मान. ही मान चिंगीने सायकलवरून बघितली होती, तेव्हा ती काटकुळी होती, आता तिच्यावर दोन सुरकुत्या आणि मागे थोडं टक्कल. तिने पाय रोवले. दोन्ही हात मांडीखाली घातले. मी पोतं आहे, मनात म्हणत राहिली, मी वाळू आहे. उतार लागला, वेग वाढला. दादाने वेग मुळीच कमी केला नाही. त्याला भीती वाटत नव्हती. ती भीती चिंगीलाच वाटत होती, आणि टाकी जवळ येत होती.

टक्.

तिचा खांदा दाराला टेकला होता. हात मांडीखाली तसेच, पाय रोवलेले तसेच, आणि कंबर मात्र आपली वळून मोकळी. तिरपी टाकीच्या वळणावरून अशी झुकून गेली की मोजमापवाल्यांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या. दादाने कोंडलं होतं ते चिंगीला समजत होतं, त्याच्यावर चिडता येत होतं. पण स्वतःच्या पाठीच्या कण्यावर कसं चिडायचं? बंदराच्या गावी जाऊन खिडकीतून पाणी बघत बसली तरी हा कणा बरोबर येणारच. पुढून दादाचा दाटलेला आवाज आला, "झुकलीस गं." त्याला वाटलं, बहिणीने माफ केलं.

"मी नाही झुकले," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं.

गाडी परत फिरून बाईंसमोर उभी राहिली. सगळे दादाभोवती जमले, हात मिळवले. वहिनी रडत होती आणि हसत होती. बाई मात्र गाडीला वळसा घालून मागे आल्या, वाकून चिंगीकडे बघितलं आणि विचारलं की तुम्ही कोण, आणि मागे बसून कसं वाटलं? सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गाडी कशी वाटली हे पुढच्यालाच विचारतात, मागच्याला कोण विचारतं? दादाचं बोलणं मध्येच थांबलं. मिस्त्री पाना हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा.

चिंगीच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण भावाच्या तोंडावर, चारचौघांत, त्याच्या कष्टांना खोटं म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरली.

"मी त्याची बहीण. मला सवय आहे," ती म्हणाली. "तुम्ही बसून बघा."

बाईंना ते आवडलं. त्या लगेच चढून बसल्या, पट्टा आवळला, सीट छान शिवली आहे असंही म्हणाल्या. दादा हँडल धरून बसला. चिंगी त्याच्या दाराशी गेली, वाकली, आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता वाजव टाळू."

त्याने तिच्याकडे बघितलं. ओठ उघडले तेव्हा तो अर्धा दात दिसला. मग त्याने गाडी काढली.

तिरपी बाहेरून जाताना कशी दिसते, हे चिंगीने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. पाठमोरी, सडपातळ, उताराला लागलेली. देखणी होती हो गाडी. अशी शंभर धावली तर रस्ता मोकळा श्वास घेईल, हे दादा काही उगाच म्हणत नव्हता. चिंगी फुटपाथवर उभी होती, आणि गाडी टाकीजवळ पोचत होती. वेग तोच होता. तोच. मिस्त्री पुटपुटला, आता गेली. आणि मिस्त्रीने एकदम तिचा दंड धरला, "ताई, पडाल." ती फुटपाथवर उभ्या उभ्या डावीकडे झुकली होती.

लांबवर मागचा लाल दिवा लागला. गाडी मंदावली, अजून मंदावली, माणसाच्या चालीवर आली. आतलं कुलूप पडलं आणि तिरपी सरळच्या सरळ, मख्खासारखी टाकीला वळसा घालून आली. गाडी थांबली तेव्हा बाईच म्हणाल्या की झुकली नाही ती, काही बिघडलं का?

दादा उतरला. हात पुसायला फडकं शोधू लागला, सापडलं नाही, तेव्हा पँटलाच पुसले.

"बिघडलं नाही बाई," तो म्हणाला. "हिला वळताना माझी बहीण लागते."

एक माणूस हसला, त्याला विनोद वाटला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, दादाने सगळं सांगितलं, मोटर, उशीर, गेल्या वर्षीचं पोतं, काही राखून ठेवलं नाही. बाई जाताना म्हणाल्या की बहिणीशिवाय वळायला लागली की बोलवा, मी येईन. येतील की नाही कोण जाणे. मोठ्या माणसांची दारं एकदा लागली की पुन्हा उघडायला वर्षं जातात.

त्यानंतरचे दिवस दादा शेडमध्ये खालचा सांगाडा उघडून बसला. मिस्त्री त्याच्या बाजूला, आणि आता त्याला कुणी शिव्या देत नव्हतं, तर त्यालाच चुकल्यासारखं वाटत होतं. वहिनीने चिंगीशी अबोला धरला. ती चिडली होती, आणि तिला चिडायचा हक्कही होता. निघायच्या दिवशी मात्र तिने ताट वाढलं, चिंगीचा भात संपला तसा न विचारता दुसऱ्यांदा वाढला आणि मान वर न करता म्हणाली, "घ्या वन्सं. आता वाकायचं काही नाही." चिंगीने सगळा भात संपवला.

शिलाई मशीन जड. दादा म्हणाला, मी आणतो स्टँडवर. त्याने ते मागच्या सीटवर ठेवलं, पट्ट्याने बांधलं, दोनदा ओढून बघितलं. मशीन बसल्यावर चिंगीला जागा कुठली! ती बाजूने चालत निघाली. वळणावर मशीन कलंडू नये म्हणून दादाने गाडी माणसाच्या चालीवरच ठेवली, कुलूप पाडून. तरी जपूनच वळवायचा, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर चिंगी पुढे जायची आणि त्याच्यासाठी थांबायची. वाटेत तो एवढंच बोलला की मशीनला तेल घातलंय, आणि तिथे दमट हवा असते, झाकून ठेव. ती हो म्हणाली. राग अजून गेला नव्हता. जाईल तेव्हा जाईल.

बस उभीच होती. मशीन टपावर चढलं, चिंगी खिडकीशी बसली. दादा खाली तिरपीला टेकून उभा, मागची सीट रिकामी, दुसऱ्या कुणाला न दिसणारे तिच्याच हातचे टाके तिला खिडकीतून दिसत होते. बस सुरू झाली. स्टँडच्या फाटकाशी मोठं वळण होतं. खालून, इंजिनाच्या आवाजातूनही, तिला स्पष्ट ऐकू आलं, टक्. त्याने मुद्दाम केलं नसावं. वळण बघितलं की त्याच्या जिभेला राहवत नसे.

चिंगीने समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली, दात आवळले, आणि बस पूर्ण वळेपर्यंत पोत्यासारखी बसून राहिली.